चाळिसाचा नियम आणि झेरघाटातले घर

छिंदवाड्याच्या जुन्या वर्णनांत जिल्ह्याचे दोन भाग सांगितलेले असत. सातपुड्याच्या माथ्यावरचा तो बालाघाट आणि घाट उतरल्यावर दक्षिणेला लागणारी सखल पट्टी तो झेरघाट. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव ही गावे या खालच्या पट्टीतली. जमीन काळी, पिके कापूस, ज्वारी आणि तुरीची, पुढे संत्र्याची. नद्या जाम आणि कन्हान. बाजार, मोठा दवाखाना, नोकरी आणि सोयरीक यांसाठी तोंड नागपूर, काटोल, नरखेड, वरुडकडे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात नागपुरी बोलीच्या मुलखात छिंदवाड्याचा हा दक्षिण भाग धरलेला आहे. या पट्टीतल्या लेकरांसाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सुईणींच्या प्रशिक्षणापासून शाळा आणि अंगणवाडीपर्यंत अनेक सार्वजनिक सोयी आखल्या गेल्या. त्यांचा इतिहास एका ओळीत वाचला तर एक गोष्ट सतत दिसते. सोय आखणाऱ्याने इथले कुटुंब मोजले. पण त्या कुटुंबाजवळ आधीपासून काय आहे, त्याला नेमकी कशाची अडचण आहे आणि ते आपले दिवस कसे पाळते, हे विचारण्याचे काम त्याने बहुतेक वेळा दुसऱ्या कोणावर तरी सोडले. मराठी मुलखात जिथे हे आधी विचारले गेले, तिथे सोय रुजली. झेरघाटाला अशा विचारणीची गरज जास्त आहे, कारण मोजणीच्या एककात हरवून जाण्याचा अनुभव या पट्टीने मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे.

तो अनुभव राज्य पुनर्रचनेचा. १८५३ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत बनला आणि छिंदवाडा त्यात राहिला. राजधानी नागपूर असल्यामुळे झेरघाटाला आपण कडेला आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा त्या प्रांताच्या कारभारात होत्या. १९५५ साली राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने अहवाल दिला, तेव्हा भाषेचा हिशेब करताना सर्वसाधारणपणे जिल्हा हे एकक धरले. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ जिल्ह्यांचा वेगळा विदर्भ आयोगाने सुचवला. वेगळा विदर्भ झाला नाही, आणि ते आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा म्हणून हिंदीभाषक होता आणि सौंसर तहसील म्हणून मराठीभाषक होती. एकक जिल्हा असल्यामुळे तहसील दिसली नाही. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, आणि ज्या कचेऱ्यांत मराठीत अर्ज देता येत होता त्या हळूहळू हिंदीच्या झाल्या. सीमा कुठेतरी आखावीच लागते, आणि त्या आखणीत कोणावर जाणूनबुजून अन्याय झाला असे इथे म्हणायचे नाही. म्हणायचे ते एवढेच, की मोठ्या एककाची सरासरी लहान एककातल्या माणसाला झाकून टाकते. लेकरांच्या सोयींत पुढे हेच घडले.

सीमा आखणाऱ्यांना मागे राहणाऱ्या भाषिक गटांची जाणीव होती, हेही नोंदवले पाहिजे. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ सालची नवी राज्ये घडवली, तिनेच घटनेत ३५० अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्य समाजातल्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. त्याआधी, ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक व्यवहारी नियम ठरवला होता. प्रदेशाच्या भाषेहून वेगळी मातृभाषा असलेली मुले संपूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. नियम साधा होता, अंमलबजावणीला सोपा होता आणि त्यामागचा हेतू चांगला होता. पण त्याची रचना नीट पाहिली तर दिसते की तो शाळेच्या दारात सुरू होतो. मूल दाखल झाले, पालकाने मागणी नोंदवली, डोकी ४० भरली, की सोय मिळणार. शाळेच्या दारापर्यंत यायला ज्या कुटुंबाला भाषेचीच अडचण आहे, किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत ज्याला दाखल्यासाठी एका दिवसाची मजुरी सोडता येत नाही, ते कुटुंब या मोजणीत येतच नाही. शिवाय नियम प्राथमिक शाळेचा. तीन ते सहा वर्षांचे मूल, ज्याची भाषा अजून घडते आहे आणि ज्याच्या बाबतीत घरच्या बोलीचे मोल सर्वांत जास्त, ते या नियमाबाहेर राहिले. तेव्हा त्या वयासाठी सरकारी सोयच जवळजवळ नव्हती.

त्या वयाकडे आणि त्याहून लहान बाळाकडे वसाहतीच्या काळात सरकारचे जे लक्ष गेले, ते घराकडे संशयाने पाहणारे होते. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. देशी सुईणींना प्रशिक्षण देणे हा त्याचा हेतू. बाळंतिणी आणि बाळे मोठ्या संख्येने मरत होती, हे खरे. अस्वच्छ हातांनी, न उकळलेल्या विळ्याने नाळ कापली जात होती, हेही खरे. पण त्या काळच्या लिखाणात सुईण जवळजवळ नेहमी अज्ञानाचे दुसरे नाव म्हणून येते, आणि बाळंतिणीची खोली म्हणजे फक्त अंधार आणि धूर. त्याच खोलीत बाळंतिणीला सव्वा महिना जड कामापासून दूर ठेवणारी, तिला डिंक-मेथी खाऊ घालणारी, पाचवी-सहावीला सटवाईच्या पूजेच्या निमित्ताने सगळ्या आळीचे लक्ष बाळाकडे वळवणारी एक व्यवस्था होती. ती प्रशिक्षणाच्या आराखड्यात कुठे बसली नाही. दोष शोधण्यासाठी घरात शिरलेल्याला घरातले बळ दिसत नाही. त्याची किंमत पुढच्या योजनांनी मोजली, कारण सुईणीवरचा अविश्वास घराला कळला आणि घरानेही दवाखान्यावर तसाच अविश्वास ठेवला.

याच्या नेमकी उलट वाट मराठी मुलखात एका बाईने काढली, आणि तिच्या आयुष्याचा एक तुकडा झेरघाटाच्या शेजारचा आहे. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीत होत्या. पांढुर्ण्याची हद्द ओलांडली की लागतो तोच जिल्हा. पुढे राजकोट, मग भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षण, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ, १९३६ साली दादरला शिशुविहार. इथपर्यंतचे काम शहरी, शिकलेल्या घरांतल्या मुलांचे होते. १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. तिथे आधी रीतसर बालवाडी उघडली. वस्तीतली मुले आली नाहीत. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असा शेरा मारून हे अपयश नोंदवता आले असते, आणि पुढे असंख्य अहवालांनी तेच केले. ताराबाईंनी वेगळा प्रश्न विचारला. मूल दिवसभर कुठे असते? ते अंगणात असते. मग बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि तिचे नाव अंगणवाडी पडले. साहित्यही तिथलेच झाले. माँटेसोरीच्या महागड्या लाकडी पेट्यांच्या जागी बिया, शिंपले, गोटे, पाने आली. कुटुंबाच्या हाताशी जे होते त्यातून शिकणे सुरू झाले, आणि शिकण्यासाठी आपल्याजवळ काही नाही ही लाज कुटुंबाला वाटेनाशी झाली.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेले, तेव्हा हाच प्रश्न आणखी खोल गेला. मोठी मुले शाळेत का येत नाहीत? कारण आई-बाप मजुरीला गेले की धाकट्याला सांभाळण्याचे काम थोरल्या बहिणीकडे असते आणि गुरे भावाकडे. कुटुंबाने श्रमाची केलेली ही वाटणी होती आणि तिच्यावरच घर चालत होते. ती मोडून मुलांना शाळेत आणायचे तर घर कोसळते. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी विकासवाडी उभी राहिली. बहीण कडेवरच्या भावाला घेऊन येणार, त्याला पाळणाघरात ठेवणार, स्वतः वर्गात बसणार. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात तिथे शिक्षक गेला. या सगळ्यात कुटुंबाची गरज आणि कुटुंबाचे बळ एकाच निरीक्षणातून सापडले, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बहीण धाकट्याला सांभाळते ही तिच्या शिक्षणातली अडचण होती, आणि तिची जबाबदारीची सवय, तिचे बाळाविषयीचे ज्ञान हे तिचे सामर्थ्यही होते. फक्त अडचण पाहणारा तिला हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहितो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा तिच्या सहा सेवा. केंद्राला नाव दिले गेले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीत जन्मलेला मराठी शब्द सगळ्या देशाचा झाला, मध्य प्रदेशाच्या हिंदी फलकांवर गेला आणि त्या वाटेने झेरघाटात परत आला. शब्द आला, पण त्याच्या मागचा प्रश्न पूर्ण आला नाही. अंगणाची जागा खोलीने घेतली, आणि खोलीची वेळ सकाळच्या काही तासांची ठरली. मग मोजणी आली. आहाराच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी फार मोठा आदेश दिला. देशात १४ लाख अंगणवाड्या उभ्या करा, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्या. त्या आदेशाशिवाय हजारो वस्त्या अजून वाट पाहत बसल्या असत्या. त्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. तरी १९४९ चा ४० आणि २००६ चा ४० हे शेजारी ठेवून पाहावेत. पहिला आकडा भाषेचा होता आणि शाळेपासून सुरू होत होता. दुसरा लहान मुलांचा होता आणि त्यात भाषा नव्हती. मराठी बोलणारे चार वर्षांचे मूल या दोन चाळिसांच्या मधल्या फटीत पडले. त्याला खाऊ मिळण्याचा हक्क आहे, वजन करून घेण्याचा हक्क आहे. पण त्याच्याशी त्याच्या घरच्या बोलीत बोलले जाईल, गाणी-गोष्टी त्याला कळणाऱ्या असतील, हे कार्यकर्ती कोणत्या घरची आहे यावर सोडलेले आहे. सुदैवाने ती बहुधा त्याच गावची असते, आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी ही फट तिच्या जिभेने बुजवली जाते. योजनेने ते तिच्याकडून मागितलेले नाही आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

झेरघाटातल्या घराजवळ लेकरासाठी काय आहे, याची मांडणी श्रावणापासून करावी. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा होते, ती लेकरांच्या आयुष्यासाठी. महिन्याच्या शेवटची अमावस्या ती पिठोरी, आणि तोच पोळा. सकाळपासून बैल सजतात आणि संध्याकाळी आई डोक्यावरून वाण मागे धरून ‘अतिथी कोण?’ विचारते. मागून लेकरू सांगते, ‘मी.’ दुसरा दिवस करीचा. नागपुरात त्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, गावोगाव तान्हा पोळा भरतो, पोरे लाकडी बैलांच्या दोऱ्या धरून घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे बक्षिसी, घेतात. पांढुर्ण्यात त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, होते. म्हणजे लेकराभोवती फिरणारे दोन दिवस लागोपाठ येतात. आता पंचांग पाहा. दक्षिणेकडे महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडे पौर्णिमेला. पोळ्याची अमावस्या मराठी घराच्या हिशेबात श्रावणातली आहे आणि हिंदी पंचांगाच्या हिशेबात भाद्रपदातली. कृष्णपक्षाचे पंधरा दिवस या पट्टीत घर एका महिन्यात असते आणि हिंदी कॅलेंडर दुसऱ्या महिन्यात. ‘सावन’ संपला असे समजून ठेवलेली माता-सभा मराठी बाईच्या श्रावणी उपासातच येते. ही बाब लहान आहे, पण तिच्यामुळे सभेला दहा बाया येतात की तीस, हे ठरते. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू हे तर बायांच्या सभेचे तयार व्यासपीठ आहे. सासवा, सुना, लेकुरवाळ्या, गर्भारणी त्या दिवसांत एकमेकींच्या घरी आपणहून जातात.

हे सरकारला अगदीच कळले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मध्य प्रदेशाच्या अंगणवाड्यांत मंगळवारी ‘मंगल दिवस’ साजरा करण्याची पद्धत आहे. एका मंगळवारी गोदभराई, एकदा अन्नप्राशन, एकदा जन्मदिवस, एकदा किशोरी मुलींचा दिवस. कुटुंबाच्या विधीचा हात धरून आहाराची गोष्ट सांगावी, ही कल्पना योग्यच आहे. झेरघाटात तिला आणखी एक पाऊल टाकायचे आहे. इथे पहिल्या घासाचा विधी उष्टावण म्हणून होतो आणि तो घास भरवण्याचा मान मामाचा असतो. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करा, हा निरोप आईला एकटीला देण्यापेक्षा मामा, आजी आणि आत्या जमलेल्या त्या प्रसंगी दिला, तर घरातल्या निर्णय घेणाऱ्या सगळ्यांनी तो एकदम ऐकलेला असतो. अंगणवाडीच्या खोलीत केलेल्या अन्नप्राशनात आई, बाळ आणि वाटी असते, मामा नसतो.

घराची गरजही अशीच घराच्या रचनेतून कळते. पहिले बाळंतपण माहेरी, ही मराठी घरांची रीत. झेरघाटातल्या पुष्कळ सुनांची माहेरे नरखेड, काटोल, वरुड, सावनेर भागात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. सातव्या महिन्यानंतर बाई निघते ती बाळ अंगावर घेऊन परत येते. म्हणजे गर्भारपणाची नोंद एका राज्यात, बाळंतपण दुसऱ्यात, पहिल्या लसी तिथेच आणि वजनाचा तक्ता पुन्हा इकडे. जननी सुरक्षा योजना एकच, पण तिच्या नियमांत मध्य प्रदेश एका गटात आणि महाराष्ट्र दुसऱ्या गटात. ग्रामीण बाळंतिणीला एकीकडे १४०० रुपये तर दुसरीकडे ७००, आणि तेही दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईलाच. अंगणवाडीच्या नोंदी ठेवणाऱ्या २०२१ पासूनच्या पोषण ट्रॅकरमध्ये नोंद एका केंद्रातून दुसरीकडे हलवता येते, ही चांगली सुधारणा आहे. मात्र तिथे बाईला स्थलांतरित समजले जाते. माहेरी जाणारी बाई स्थलांतरित नाही. तिला सर्वांत जास्त आधार जिथे मिळतो तिथे ती जाते. ही रीत आधीच लक्षात घेतली, तर पाचव्या महिन्यातच माहेरचे गाव कार्डावर लिहून तिथल्या कार्यकर्तीला कळवता येईल. तसेच शेताचे आहे. कापसाची वेचणी ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, मुख्यतः बायांच्या हातांनी. संत्र्याचा आंबिया बहार त्याच सुमारास उतरतो आणि मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. सकाळी गेलेली आई संध्याकाळी येते आणि अंगणवाडी दुपारी मिटते. या महिन्यांत घराला खाऊपेक्षा जास्त गरज असते ती लेकरू दिवसभर सांभाळणाऱ्या जागेची. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना आता केंद्राने आणली आहे. कोसबाडच्या आवारात ते साठहून अधिक वर्षांपूर्वी झाले होते. झेरघाटात असे पाळणाघर बारमाही चालवणे जमत नसेल, तर निदान वेचणीच्या महिन्यांत चालवावे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘झेरघाटातले मराठी कुटुंब’ असे एकच एक काही आहे का? कुणबी घर वेगळे, कोष्ट्याचे वेगळे. भोयर पवारांची स्वतःची बोली आहे. गोंड कुटुंबाच्या घरी गोंडी असेल, नाहीतर मराठी-हिंदीची सरमिसळ. शिवाय पुष्कळ पालकांनाच लेकराने लवकर हिंदी आणि इंग्रजी शिकावे असे वाटते. त्यांना मराठीत कोंडणे हे त्यांच्या इच्छेविरुद्ध होईल. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच संस्कृतीची यादी करून ती सगळ्यांवर लावणे हा मोजणीचाच दुसरा प्रकार ठरेल. जिल्ह्याच्या सरासरीखाली तहसील झाकली गेली, तशी ‘मराठी’च्या सरासरीखाली पवार आणि गोंड घरे झाकली जातील. उपाय यादीत नाही, विचारण्यात आहे. प्रत्येक घराला तीन-चार साधे प्रश्न विचारावेत. बाळाशी कोण काय बोलते, दिवसा त्याला कोण सांभाळते, घरात त्याच्याविषयीचा निर्णय कोणाचा, वर्षातले कोणते महिने अडचणीचे. पालकांना हिंदी हवी असण्यात आणि चार वर्षांच्या मुलाशी त्याच्या बोलीत बोलण्यात विरोध नाही. ओळखीच्या भाषेत गोष्ट ऐकायला शिकलेले मूल दुसरी भाषा कमी घाबरत उचलते, आणि २०२० चे शैक्षणिक धोरणही पायाभूत वर्षांसाठी घरच्या भाषेचाच आग्रह धरते. पालकाची इच्छा हीदेखील कुटुंबाची ताकद आहे. तिला वाट दाखवावी, तिच्या आडून लेकराची बोली पुसू नये.

दुसरा आक्षेप पांढुर्ण्यातच उभा आहे. संस्कृती समजून घ्या म्हणता, मग गोटमारीचे काय? जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवायचे, त्यावर झेंडा लावायचा, आणि पांढुर्णा व सावरगाव यांनी दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारत तो मिळवायचा. सावरगावची मुलगी आणि पांढुर्ण्याचा मुलगा यांच्या पळून जाण्याची कहाणी तिच्या मुळाशी सांगितली जाते. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसे मेलीही आहेत. लेकरांच्या दृष्टीने हे भयंकर आहे, आणि कुटुंब समजून घेणे याचा अर्थ हे मान्य करणे असा कधीच नाही. पण प्रशासनाचा अनुभव काय सांगतो ते पाहा. जमावबंदीचे आदेश निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, आणि लोक पुन्हा दगडांवर आले. चेंडू देणाऱ्याने वस्तू बदलली. झेंडा चंडीच्या देवळात नेण्याचा मान, दोन गावांच्या काठाकाठांचा पिढीजात हिशेब, त्यात वयात येणाऱ्या पोरांना मिळणारी ओळख, यांतले काही त्याने हातात घेतले नाही. बदल हवा असेल तर त्याची सुरुवात नदीत होणार नाही. ती पोरे घडतात त्या घरांत आणि शाळांत होईल. त्याच दिवशी विदर्भात तान्ह्या पोळ्याने लेकरांना मिरवण्याचा मान लाकडी बैलातून दिलेला आहे. पांढुर्ण्याच्या शाळांनी आणि अंगणवाड्यांनी तान्हा पोळा मोठ्या इतमामाने, दोन्ही काठांच्या पोरांना एकत्र घेऊन भरवला तर गोटमार थांबेल असा दावा कोणी करू नये. एवढे मात्र होईल, की दहा वर्षांच्या पोरासाठी त्या दिवसाचा दुसरा एक मान तयार होईल, आणि तो बाहेरून आणलेला नसेल.

तिसरा आक्षेप दोन बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, कुटुंबाचे बळ, कुटुंबाचे बळ म्हणत सरकार आपले अंग काढून घेईल. आजी आहे ना, मग पाळणाघर कशाला? दुसरी म्हणते, मानधनावर काम करणाऱ्या कार्यकर्तीकडे आधीच नोंदवह्या आणि मोबाईलवरची नोंदणी यांचे ओझे आहे, ती घरोघर बसून विचारणार कधी? पहिल्या भीतीला आधार आहे, म्हणून बळाची नोंद आणि गरजेची नोंद वेगळी करता कामा नये. आजी सांभाळते हे लिहिताना आजीचे वय आणि तिचे डोळे कसे आहेत हेही लिहावे लागते. दुसऱ्या बाजूला उत्तर गडचिरोलीने दिलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ संस्था सुरू केली, आणि नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, सुईणींना दूर न लोटता कामात घेतले, बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बाळाचा श्वास आणि ताप पाहायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापला गेला, नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांची घट. वसाहतकाळाने जिला अंधारी खोली म्हटले होते, तीच उपचाराची जागा झाली. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती घरी भेट देते, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मराठी घराचा स्वतःचा हिशेब पाचवी, बारसे आणि सव्वा महिना असा चालतो. दोन्ही हिशेब जवळजवळ एकमेकांवर बसतात. ज्या दिवशी घर स्वतःहून बाळाभोवती जमते, त्याच्या आसपासच भेट ठेवली तर वेळ वाढत नाही, कान वाढतात.

कार्यकर्तीवर आणखी एक नोंदवही लादू नये, हे मला मान्य आहे. तिच्या कुटुंब सर्वेक्षणात आज वय, नाते, प्रवर्ग, अपंगत्व हे सगळे आकड्यांत जाण्यासाठी भरले जाते. त्यातलेच काही रकाने कमी करून घरची बोली, माहेरचे गाव, दिवसाचा सांभाळ आणि अडचणीचे महिने हे चार रकाने आणले, तर काम तेवढेच राहील. आणि आकडा वर पाठवण्याआधी त्या गावाच्याच सभेत वाचून दाखवला, तर कुटुंबाला आपण काय सांगितले त्याचे काय झाले हे कळेल. आज ते त्याला कळत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून सौंसर आणि पांढुर्णा वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. १९५५ साली जी तहसील जिल्ह्याच्या सरासरीत दिसेनाशी झाली होती, ती आता स्वतःच एकक आहे. २०२७ च्या जनगणनेत तिची भाषा, तिची लहान मुले, तिची साक्षरता प्रथमच जिल्हा म्हणून छापली जाईल. मराठी घरांची संख्या बालाघाटाच्या हिंदी आकड्यांत बुडणार नाही, आणि याच नव्या जिल्ह्यातल्या गोंड वस्त्या, पवारी बोलणारी घरे आता त्या मराठी आकड्याखाली झाकली जाण्याची शक्यता असेल. नव्या जिल्ह्याची बालविकास योजना ज्या टेबलावर लिहिली जाईल, तिथे सीमेपलीकडच्या नरखेड आणि वरुडच्या प्रकल्पांचा माणूस बोलावलेला असेल का, आणि वेचणीच्या महिन्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असेल का, हे पाहण्याची वेळ आता आलेली आहे.